सायकल-सफर, दूर पल्ल्याची

सायकल-सफर, दूर पल्ल्याची : एका दिवसात सु. १०० किमी. वा त्याहून अधिक, किंवा अनेक दिवस मिळून शेकडो किमी. अंतर सायकलीने केवळ स्नायुबळावर कापण्याच्या प्रवासास दूर पल्ल्याची सायकल-सफर म्हणतात. शर्यतीत वेगाला महत्त्व असते, तर सफरीत अंतर सुखरूपपणे पुरे करण्याला असते. त्यामुळे सफरीत भाग घेणाऱ्यांत तरुण खेळाडूंबरोबरच मध्यमवयीन स्त्री-पुरुषही आढळतात. शाळेत सायकलीने जाणारी, पुढे दहा-वीस वर्षे ती अडगळीत टाकणारी आणि चाळिशीच्या आसपास पुन्हा तिच्याकडे वळणारी व्यक्ती यांत विशेषत्वाने दिसते. अशा व्यक्तीने प्रथम शहरातील दैनंदिन सायकल-वापर कसा सुरू करावा आणि तेथून दूर पल्ल्यापर्यंतची तयारी कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे.

इतिहास : जॉन केम्प स्टार्ली या ब्रिटिश उत्पादकाने १८८५ मध्ये दोन्ही चाके जवळजवळ सारख्या आकाराची व साखळीने चालणारी ‘रोव्हर’ सायकल प्रचारात आणली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेल्या टायरचे एकस्व घेतले. या दोन सुधारणांमुळे सामान्य माणसाला लांबचा प्रवास सायकलीने करणे शक्य झाले. तत्पूर्वी टॉमस स्टीव्हन्झ याने मोठ्या चाकाच्या उंच सायकलीवरून १८८४–८६ या काळात सॅन फ्रॅन्सिस्को ते योकोहामा असा प्रवास केला होता. फ्रान्समध्ये १८९१ साली पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही सु. १,२०० किमी.ची शर्यत प्रथम झाली. पुढे तिचे रूप बदलले व ती हौशी सायकलपटूंची, ठरावीक मुदतीत पुरी करावयाची सफर बनली. सध्या ती दर चार वर्षांनी होते.

भारतात या परंपरेचा आरंभ मुंबईच्या पारशी तरुणांनी केला. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा तरुण मुंबईहून सायकलीने पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे सु. ७१,००० किमी. प्रवास करून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. इराण, इराक, सिनाईचे वाळवंट, यूरोप, अमेरिका, जपान व चीन असा त्यांचा मार्ग होता. अलीकडच्या काळात महाराष्ट्रातील सायकलपटूंनी या क्षेत्रात लक्षणीय कामगिरी केली आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सु. ४,८०० किमी.ची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत नाशिकचे हितेंद्र व महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघगटात पुरी केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ मध्ये सु. २९,००० किमी.ची जगप्रदक्षिणा केली. मुंबई–पुणे सायकल शर्यतीची परंपरा याहून जुनी असून तीत बोरघाटाचा चढ सर्वांत कसोटीचा मानला जातो व तो प्रथम चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरविले जाते.

शहर आणि सायकल : पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. कारखान्यांतील कामगार, महाविद्यालयीन विद्यार्थी व प्राध्यापक सायकलीनेच जात. सायकलीवर कर असे व तो भरल्याचा बिल्ला तिला लावावा लागे. रात्री दिवा नसल्यास किंवा दोघे बसल्यास पोलीस अडवीत. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने गल्लोगल्ली होती. स्कूटर, मोपेड व मोटारसायकल यांचा प्रसार, शहराचा विस्तार व त्यामुळे वाढलेली अंतरे यांमुळे हे चित्र बदलले. रस्ते रुंद झाले. परंतु वाढलेली रुंदी जलद वाहनांच्या वाट्यास आली व सायकलस्वाराला रस्त्याची कडाही सुरक्षित राहिली नाही. पुणे महानगरपालिकेने २०१७ मध्ये शहरासाठी सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. अशा योजनांचे यश मार्गांच्या सलगतेवर अवलंबून असते. चौकापाशी तुटणारा सायकलमार्ग नेमक्या धोक्याच्या ठिकाणी स्वाराला उघडा टाकतो.

ग्रामीण भागात सायकलीचे महत्त्व वेगळ्या कारणाने टिकून आहे. शाळा गावापासून दूर असल्यास मुलींचे शिक्षण खंडित होते. हे लक्षात घेऊन महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतर्गत आठवी ते बारावीच्या गरजू विद्यार्थिनींना सायकली देण्यात येतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर व धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यांतील अनेक गावे नव्या जागी वसविण्यात आली. रुंद रस्त्यांच्या, विस्तीर्ण आखणीच्या या गावांत घर, शेत व शाळा यांतील अंतरे जुन्या दाट वस्तीपेक्षा वाढली. तेथे सायकल ही हौस नसून गरज ठरते.

पुनरारंभ : सायकलीचा तोल सांभाळण्याचे कौशल्य एकदा आले की सहसा विसरले जात नाही. मात्र त्यामुळेच परतणाऱ्याची फसगत होते. तोल टिकला तरी दम, स्नायूंचे बळ व रहदारीचा अंदाज टिकलेला नसतो. नियमित व्यायाम सुरू केल्यावर हृदय व रक्ताभिसरण यांत काही आठवड्यांतच सुधारणा दिसू लागते. स्नायुबंध, सांधे व बैठकीची त्वचा यांना मात्र त्याहून अधिक अवधी लागतो. दम वाढल्यामुळे स्वाराला आपण समर्थ झालो असे वाटते व तो एकदम अंतर वाढवितो. नेमक्या याच टप्प्यावर गुडघेदुखी सुरू होते. दुसऱ्या महिन्यात उत्साह आवरणे हे पहिल्या आठवड्यात उत्साह आणण्यापेक्षा महत्त्वाचे असते.

चाळिशी ओलांडलेल्या, बैठे काम करणाऱ्या किंवा मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांपैकी काही असलेल्या व्यक्तीने आरंभापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. छातीत दाब जाणवणे, हातात वा जबड्यात कळ जाणे, अकारण धाप किंवा चक्कर ही लक्षणे दिसताच सायकल थांबवून तातडीने उपचार घ्यावेत.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला आहे. कामाच्या ठिकाणी जाण्यास १५ मिनिटे व परत येण्यास १५ मिनिटे सायकल चालविणाऱ्याचे पाच दिवसांत १५० मिनिटे पुरी होतात. त्यासाठी स्वतंत्र वेळ काढावा लागत नाही, हा दैनंदिन सायकल-वापराचा मोठा फायदा होय. पहिले दोन-तीन आठवडे कमी रहदारीच्या वेळी व आतल्या रस्त्यांनी जावे. कामाचा रस्ता प्रथम सुट्टीच्या दिवशी पाहून ठेवावा.

रहदारीतील खबरदारी : सायकल डाव्या बाजूने, वाहतुकीच्या दिशेनेच चालवावी. उलट दिशेने गेल्यास समोरची वाहने दिसतात हा युक्तिवाद फसवा आहे. कारण चौकात वळणाऱ्या चालकाला त्या दिशेने कोणी येईल अशी अपेक्षाच नसते. उभ्या मोटारींपासून सु. १ मी. अंतर ठेवावे, म्हणजे अचानक उघडलेल्या दाराचा आघात टळतो. चौकात थांबलेल्या बसच्या वा मालमोटारीच्या डाव्या अंगाने कधीही पुढे घुसू नये. डावीकडे वळणाऱ्या अवजड वाहनाच्या चालकाला तेथील स्वार दिसत नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरील तेल व धूळ मिसळून थर निसरडा होतो. रंगविलेले पट्टे व गटारांची लोखंडी झाकणे यांवरही चाक घसरते. अंधार पडल्यावर पुढे पांढरा व मागे तांबडा दिवा असावा. शिरस्त्राण नीट बांधलेले असावे.

सायकलीची तयारी : बरीच वर्षे उभी असलेली सायकल केवळ हवा भरून रस्त्यावर आणू नये. टायर व ट्यूब यांचे रबर चिरलेले असते, ब्रेकचे गुटके कडक झालेले असतात व छर्ऱ्यांमधील वंगण वाळलेले असते. दुकानातून संपूर्ण ओव्हरहॉलिंग करून, ब्रेकच्या तारा बदलून व रिमचा आऊट काढून घ्यावा.

आसनाची उंची ही सर्वांत महत्त्वाची जुळणी होय. आसनावर बसून टाच सर्वांत खालच्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा. पावलाचा पुढील भाग पायडलवर आणल्यावर गुडघ्यात सु. २५° ते ३५° चा बाक राहतो. दुसऱ्या पद्धतीत अनवाणी उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजतात व त्यास ०.८८३ ने गुणतात. येणारी संख्या पायडलचे दांडे ज्या कण्याभोवती फिरतात त्या तळकण्याच्या मध्यापासून आसनाच्या माथ्यापर्यंतचे अंतर दर्शविते. उदा., ८० सेंमी. मापास ही उंची सु. ७०.६ सेंमी. येते. आसन फार खाली असल्यास गुडघ्याच्या पुढील भागात व फार वर असल्यास मागील भागात वेदना होतात. जमिनीवर दोन्ही पाय टेकावेत म्हणून आसन खाली ठेवण्याची सवय पुष्कळांना असते. थोड्या अंतरास ती चालते, लांब अंतरास नाही.

भारतातील नेहमीच्या काळ्या सायकलीने दूर पल्ला गाठता येतो, परंतु तिच्या मर्यादा समजून घ्याव्यात. तिचे वजन सु. २० किग्रॅ. असते. पुढील चक्रास ४४ व मागील फ्रीव्हीलला १८ दाते असल्यास पायडलच्या एका फेऱ्यात चाक सु. २.४४ वेळा फिरते व सायकल सु. ५.४ मी. पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारल्यास वेग ताशी सु. १९.५ किमी. होतो. सपाटीवर हे सुखाचे असते. चढावर मात्र हिशेब बदलतो. ६५ किग्रॅ. वजनाचा स्वार व २० किग्रॅ.ची सायकल मिळून ८५ किग्रॅ. वजन १०० मीटरला ५ मी. चढ असलेल्या रस्त्यावर ताशी १० किमी. वेगाने नेण्यास केवळ गुरुत्वाविरुद्ध सु. ११६ वॉट शक्ती लागते. नवोदितास ती दीर्घकाळ पुरविणे कठीण जाते. गिअरच्या सायकलीमुळे लागणारी एकूण ऊर्जा कमी होत नाही. मात्र हलक्या गिअरवर प्रत्येक फेऱ्यात पायावर व गुडघ्यावर येणारा ताण कमी होतो व वेग कमी करून चढ चढता येतो. गिअर नसल्यास चढावर उतरून सायकल हाती धरून चालणे यात कमीपणा नाही.

सरावाची आखणी : रोज थोडी व आठवड्यातून एकदा लांब फेरी हे सरावाचे मूलतत्त्व होय. रोजच्या फेरीत श्रम इतकेच असावेत की, शेजारच्याशी अखंड वाक्यात बोलता यावे. बोलताना शब्द तुटू लागले तर वेग कमी करावा. लांब फेरीचे अंतर आधीच्या सर्वांत लांब फेरीच्या एक-पंचमांशाहून अधिक वाढवू नये व दर चौथ्या आठवड्यात ते मुद्दाम घटवावे. शरीराची झीज भरून येण्यास हा विसावा आवश्यक असतो. १०० किमी.साठी बारा आठवड्यांची आखणी पुढीलप्रमाणे करता येते : पहिले चार आठवडे अनुक्रमे २०, २४, २८ व २० किमी.; पुढील चार ३३, ३९, ४६ व ३२ किमी.; शेवटचे चार ५४, ६४, ७५ व ३० किमी. तेराव्या आठवड्यात १०० किमी.ची सफर करावी. ७५ किमी. थकून न जाता करणाऱ्यास योग्य आहार व गती ठेवल्यास १०० किमी. साध्य होतात, सरावात पूर्ण अंतर कापण्याची गरज नसते. आजारपणामुळे एखादा आठवडा चुकल्यास तो पुढील आठवड्यात दुप्पट करून भरू नये. एक पायरी मागे जावे.

आहार व पाणी : शरीरातील कर्बोदकांचा साठा मर्यादित असतो. तो संपत आला की पाय अचानक जड होतात, डोके हलके होते व चिडचिड वाढते. हे टाळण्यासाठी भूक लागण्यापूर्वीच खावे. एक तासाहून अधिक चालणाऱ्या सफरीत ताशी ३० ते ६० ग्रॅ. कर्बोदके घ्यावीत. एका मध्यम केळ्यात ती सु. २५ ग्रॅ. असतात. गूळ-शेंगदाणे, चिक्की, दशमी व खजूर हे टिकाऊ व सोबत नेण्यास सोयीचे पदार्थ होत. सफरीच्या दिवशी नवा पदार्थ प्रथमच खाऊ नये.

पाणी ताशी साधारणतः अर्धा ते पाऊण लिटर लागते. उन्हाळ्यात ते अधिक लागते. केवळ साधे पाणी अतोनात प्यायल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घटून धोका उद्भवतो, म्हणून घाम फार येत असल्यास मीठ-साखरेचे पाणी घ्यावे. ते घरी करावयाचे तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालतात. रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या रुग्णाने याबाबत वैद्यकीय सल्ला घ्यावा. घाम थांबणे, अंग तापणे व बोलण्यात असंबद्धता येणे ही उष्माघाताची लक्षणे असून अशा वेळी रुग्णास सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा व त्वरित रुग्णालयात न्यावे.

एक उदाहरण – पुणे ते माकणी : माकणी हे धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील तेरणा नदीकाठचे गाव निम्न तेरणा प्रकल्पाच्या धरणामुळे परिचित आहे. मराठवाड्यातून नोकरीसाठी पुण्यास स्थायिक झालेली पुष्कळ कुटुंबे सणासुदीस एस.टी.ने वा मोटारीने गावी जातात. हाच प्रवास सायकलीने करावयाचा झाल्यास वरील तत्त्वांचा उपयोग कसा होतो, हे पाहता येते.

पुणे–सोलापूर हे अंतर सु. २५० किमी. असून मार्ग बहुतांशी सपाट आहे. १०० किमी.ची तयारी झालेल्या स्वाराने चार दिवसांची आखणी करावी : पहिला मुक्काम उजनी जलाशयाकाठच्या भिगवणला, दुसरा मोहोळला, तिसरा सोलापूर ओलांडून नळदुर्गला व चौथ्या दिवशी महामार्ग सोडून लोहाऱ्याच्या बाजूने माकणी. पहिले दोन टप्पे सु. १०० किमी.चे व पुढील दोन त्याहून कमी पडतात. सोलापूरपर्यंत रस्ता एकंदरीत उताराचा, तर तेथून बालाघाटच्या पठाराकडे चढता आहे. म्हणून थकलेल्या शरीराला चढाच्या दिवशी कमी अंतर द्यावे. सलग दिवसांच्या सफरीसाठी सरावातही शनिवार-रविवार अशा जोडफेऱ्या कराव्यात.

हवामानाचा विचार येथे निर्णायक ठरतो. नैर्ऋत्य मोसमी वारे पूर्वेकडे जाणाऱ्यास पाठीशी असतात, पण त्या काळात पाऊस असतो. हिवाळ्यात हवा आल्हाददायक असली तरी वारा बहुधा ईशान्येचा वा पूर्वेचा, म्हणजे समोरून येतो. हवेचा रोध पार करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने समोरच्या वाऱ्यात नेहमीचा वेग राखण्याचा हट्ट धरू नये. पहाटे वारा मंद असतो. म्हणून उजाडताच निघून दुपारपूर्वी बहुतेक अंतर कापणे हिताचे ठरते. एप्रिल-मेमध्ये या भागात तापमान ४०° से.च्या वर जाते, त्या वेळी अशी सफर करू नये.

स्थानिक अडचणीही ध्यानात घ्याव्यात. वेड्या बाभळीचे काटे डांबरी रस्त्याच्या कडेला विखुरलेले असतात व ते टायर सहज भेदतात. दोन ट्यूबा, पंप, पंक्चरचे साहित्य व पाने सोबत हवेत आणि ते वापरण्याचा घरी सराव केलेला हवा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवर उतरल्यास चिखल मडगार्ड व चाक यांच्यामध्ये बसून चाकच फिरेनासे होते. ऊसगाळपाच्या हंगामात, साधारणतः नोव्हेंबर ते मार्च, उसाने लादलेले ट्रॅक्टर व बैलगाड्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंस ऊस बाहेर आलेला असतो व पुष्कळदा तिला मागे दिवा वा परावर्तक नसतो. अंधारात अशा ट्रॉलीवर मागून आदळून अपघात घडतात. यास्तव या हंगामात सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठणे, हा नियम पाळावा.

मुदतीच्या सफरी : एकट्याने सफर करण्याइतकी तयारी झाल्यावर अनेक जण ‘ब्रेव्हे’ या सफरींकडे वळतात. पॅरिसच्या एका मंडळाच्या नियमांनुसार जगभर होणाऱ्या या सफरी महाराष्ट्रातील अनेक शहरांतही आयोजित केल्या जातात. त्यांत क्रमांक काढले जात नाहीत. ठरावीक मुदतीत अंतर पुरे करणे एवढीच अट असते. ही मुदत २०० किमी.स १३ तास ३० मिनिटे, ३०० किमी.स २० तास, ४०० किमी.स २७ तास व ६०० किमी.स ४० तास अशी असते. ही चारही अंतरे एकाच हंगामात पुरी करणाऱ्यास विशेष श्रेणी प्राप्त होते. स्वाराने स्वावलंबी असावे व रात्री दिवे व परावर्तक पट्टे वापरावेत, असे नियम आहेत. महाराष्ट्रात आषाढी वारीच्या सुमारास सायकलीने पंढरपूरला जाण्याची प्रथाही अलीकडे रूढ झाली असून नाशिकसारख्या शहरांतून मोठ्या संख्येने सायकलस्वार समूहाने जातात. समूहात नवोदितास धीर मिळतो. मात्र इतरांची गती गाठण्याच्या नादात स्वतःच्या सरावाची मर्यादा विसरण्याचा धोकाही तेथेच अधिक असतो.

सफर अर्धवट सोडण्याचा निर्णय हा सायकलपटूच्या शिक्षणाचाच भाग होय. वेदना वाढत जाणे, वारंवार डुलकी लागणे, उलट्या होणे किंवा अंधार पडूनही मुक्काम दूर असणे, यांपैकी काहीही घडल्यास जवळच्या गावी थांबावे व सायकल एस.टी.च्या टपावर वा टेम्पोत टाकून पुढे जावे. असा प्रसंग आल्यास घरी कोणाला कळवावयाचे व कोणत्या गावी थांबता येईल, हे निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावे. राहिलेले अंतर पुढील हंगामात कापता येते.